विकायला ठेवलेला आवाज

लग्नकार्यात कुणी विचारलं, "अक्का, आता कुठं असता?" की मी म्हणायचे, "बिराजदार सरांच्या क्लासात." "शिकवता?" "नाही, फोन घेते." विचारणाऱ्याचा चेहरा पडायचा आणि तो पुढच्या पाहुण्याकडे वळायचा. बिदरच्या एका खाजगी कॉलेजच्या ऑफिसात मी अर्धं आयुष्य काढलं आणि पन्नाशी उलटल्यावर हे काम धरलं. आमच्या भागात त्याला अजून धड नाव नाही. म्हणून आधी ते काय होतं ते सांगते.

सर त्याच कॉलेजात केमिस्ट्री शिकवायचे. निवृत्त झाल्यावर बिदरलगतच्या नौबादेत त्यांनी घराच्या वरच्या खोलीत फळा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि धडे रेकॉर्ड करायला सुरुवात केली. त्यामागं एक जुनं दुखणं होतं. आमच्याकडची पुष्कळ पोरं दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकतात. घरात मराठी, बाजारात कन्नड, मोहल्ल्यात उर्दू, असं सगळं व्यवस्थित चालतं. पीयूसीला, म्हणजे कर्नाटकातल्या अकरावी-बारावीला, गेलं की पुस्तक इंग्रजी आणि समजावणं कन्नडमध्ये. बाजारातली कन्नड वेगळी आणि केमिस्ट्रीची वेगळी. चांगली हुशार पोरं शेवटच्या बाकावर जाऊन गप्प होतात. महाराष्ट्रातल्या क्लासांचे मराठी व्हिडिओ मिळतात, पण त्यांचा अभ्यासक्रम निराळा. सर या पोरांसाठी इंग्रजी पुस्तक मराठीत उलगडायचे. "केळी डझनात मोजतो तसे अणू मोलमध्ये मोजायचे, घाबरायलाव कामून?" असं ते फळ्याकडे पाठ करून म्हणायचे. कॅमेऱ्याकडे बघतानाही शेवटच्या बाकावर कुणीतरी बसलंय अशी त्यांची नजर असायची.

आवाज स्वच्छ यावा म्हणून खिडक्यांना गाद्या बांधायच्या आणि पंखा बंद ठेवायचा. सर घामानं निथळायचे. मग मी कंप्युटरवर खोकला, खडू पडणं, खालच्या टमटमचा हॉर्न कापून टाकायचे. हे कापकूप मी या वयात शिकले, त्याचा मला अजून अभिमान आहे. तयार धडा इंटरनेटवर एका कंपनीच्या जागेवर चढवायचा. त्या जागेचं दरवर्षी भाडं भरावं लागे. पोरगं फी भरणार, त्याला पासवर्ड मिळणार आणि तो एकाच मोबाईलवर चालणार. धडा चालू असताना त्या पोराचा स्वतःचा फोन नंबर पडद्यावर फिकट अक्षरांत फिरत राहायचा. कुणी चोरून नक्कल केली तर ती कुणाच्या मोबाईलवरून निघाली ते कळावं, म्हणून ही सोय.

आणि मी फोन घ्यायचे. पासवर्ड विसरला, धडा उघडेना, आवाज येईना, पोरगी रडायलीय, जरा समजावा. सगळं माझ्याकडे.

एक फोन अजून कानात आहे. अफजलपूरकडचे एक ऊसवाले अण्णा होते. पोरासाठी कोर्स घेतला आणि आठवड्याभरानं विचारू लागले, "बाई, पुस्तकं कवा येणार? सोलापूरच्या बशीत ठेवा की, मी स्टँडवर उतरवून घेतो."

मी सांगितलं, "अण्णा, पुस्तकं येत नसतात. सगळं मोबाईलमध्ये आहे."

"मंग घेतलं काय मी?"

"धडे बघायची परवानगी घेतलीत. तुमच्या मुलापुरती."

"आन माझ्या भावाच्या पोरानं बघायचं न्हाई? मी ट्रॅक्टरचा टायर घेतला आन भावाच्या ट्रॅक्टरला लावला, तर दुकानदार येऊन काढतो का?"

मी म्हटलं, "टायर भावाला दिला की तुमच्याकडं राहत नाही. हे दिलं तरी तुमच्याकडं राहतंच."

"तेच म्हणायलोय की बाई!" अण्णा खुश झाले. "दिलं तरी माझं काय जात न्हाई, तुमचं बी काय जात न्हाई. मंग भांडण कशाचं?"

संध्याकाळी सरांना सांगितलं तेव्हा ते खूप हसले. मग म्हणाले, "जातंय की. भावाचा पोरगा उद्या आपल्याकडं येणार होता, तो येत न्हाई. पण जे आलंच न्हाई ते गेलं म्हणून कुणाला दाखवायचं?"

दुसरा फोन एका शिक्षकांचा. अतिशय गोड बोलणं. "मॅडम, तुमच्या द्रावणांच्या धड्यात मधेच आवाज जातो." मी त्यांचं नाव शोधलं, कुठंच नाही. विचारलं, तर म्हणाले, "मला ग्रुपवर आलंय. मी पुढं साऱ्या शाळेला पाठवलो. गरिबाची लेकरं आहेत. पण आवाजाचं तेवढं नीट करून परत टाका." त्यांच्या बोलण्यात लबाडी नव्हती, हेच मला कठीण गेलं. गावात हातपंप बिघडल्यावर पंचायतीला कळवावं तसं ते आम्हाला कळवत होते.

त्या फोननंतर माझं खरं काम सुरू झालं. मोबाईलवरच्या त्या ग्रुपांत आणि चॅनलांत सरांचं नाव टाकून शोधायचं. सापडलं की त्या-त्या कंपनीकडे तक्रार लिहायची, हे आमचं आहे, काढून टाका. एक बंद झालं की दुसऱ्या नावानं उघडायचं. सकाळी घरची भांडी आवरली की मी चोर शोधायला बसायचे. यात मी तरबेज झाले.

एक चॅनल मात्र फार वाढलं. कोर्समधले जवळजवळ सगळे धडे त्यावर होते. पैसे भरलेले पालक चिडून फोन करू लागले. औरादच्या एका शिलाईकाम करणाऱ्या बाईंनी मला विचारलं, "आमी फी भरून येडे झालो का?" त्यांना मी काय सांगणार? त्या चॅनलवर पडद्यावरचा नंबर पुसट केलेला होता. मी एकेक धडा बारकाईनं बघत गेले. एका जागी पुसायचा राहून गेलेला नंबर स्पष्ट दिसला.

तो अंबिकाचा होता. जनवाड्याची पोरगी. तिचे वडील जनवाडा-बिदर टमटम चालवायचे. बिदरच्या हॉस्टेलमध्ये राहून ती पीयूसी करत होती. मला ती चांगली आठवत होती, कारण ती फोनवर पासवर्डचं न विचारता केमिस्ट्रीचं विचारायची, आणि मी म्हणायचे, "बाळ, मला त्यातलं काही येत नाही गं, सरांना विचारून सांगते."

मी फोन केला. तिनं आढेवेढे घेतले नाहीत. "व्हय अक्का, मीच काढले. खोलीतल्या साऱ्या जणी माझ्याच मोबाईलवर बगायलोत. सुट्टीला गावी गेल्यावर त्यांना कसं बगायला मिळंल? म्हणून दुसरा मोबाईल समोर धरून काढलो आन त्यांना दिलो. चॅनलवर मी न्हाई टाकले. कुणाच्या तरी भावानं टाकलंय."

सरांनी तिचं खातं बंद करायला सांगितलं. मी केलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वडिलांना घेऊन नौबादेत हजर. वडील दाराशीच चपला काढून उभे राहिले. सरांच्या पत्नी सुशीलावैनींनी त्यांना खुर्ची दिली, तरी बसेनात. अंबिका मात्र सरांच्या समोर जाऊन उभी राहिली. बारीक अंगाची, दोन वेण्या, डोळे रडून सुजलेले, पण आवाज ठाम.

"सर, माझं कामून बंद केलाव?"

"तुला ठाऊक हाय की."

"मी विकले का? एक रुपया घेतले का कुणाकडनं?"

"न्हाई घेतलीस. पण दिलीस."

"सर, तुमी कॉलेजात शिकवायलाव आन खिडकीतून कुणी उभारून ऐकायलंय. त्याला हाकलला असताव का?"

हा प्रश्न त्यांना आवडला होता, हे मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. "न्हाई. आत बोलावून बाकावर बसवलो असतो," ते म्हणाले. "पण तो मला दिसला असता. तू मला एकदा विचारायचं हुतीस, सर, माझ्या मैत्रिणींना फी जमत न्हाई म्हणून."

"विचारलं असतं तर दिला असताव?"

सरांनी लगेच व्हय म्हणायला हवं होतं, निदान मला तसं वाटत होतं. आधी मागणाऱ्या कित्येकांना त्यांनी फुकट दिलं होतं. पण मागणारे वाढले, चारचाकीतून येणारेही गरिबी सांगू लागले, तेव्हा त्यांनी ते थांबवलं होतं. सर खरं बोलणारे. ते म्हणाले, "म्हाईत न्हाई, बाळ."

दारातून वडील म्हणाले, "सर, लेकरू चुकलंय. आमाला ह्यातलं कळत न्हाई. परीक्षा तोंडावर आलीय, तेवढं सुरू करा. मी हिला समजावतो."

"अप्पा, तुमच्या लेकीचं सुरू केलो तर फी भरलेल्या दुसऱ्या लेकरांच्या आईबापाला मी काय सांगू?"

वडिलांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि तेच बघवत नव्हतं. जाताना अंबिका जिन्यावरून मागं वळून मला म्हणाली, "अक्का, चॅनलवर सगळं हायच. मी तिथंच बगते. माझाच नंबर फिरायलेला असंल, तोच बगत बगत अभ्यास करते." तिचे वडील तिला ओढून खाली घेऊन गेले. सर आत जाऊन पडून राहिले. त्या दिवशी रेकॉर्डिंग झालं नाही.

पुढच्या वर्षी नवीन पोरं फार थोडी आली. मोठ्या शहरांतल्या क्लासांना अशी गळती परवडते, कारण त्यांच्याकडे पोरांची रांग असते. मराठी शाळेतून कर्नाटकच्या पीयूसीला गेलेली, विज्ञान घेतलेली पोरं मुळात किती? तेवढ्यांत आम्ही जगत होतो. फिजिक्सचे धडे सुरू करायचे म्हणून एक तरुण मॅडम ठेवल्या होत्या, त्यांना यापुढं येऊ नका म्हणून सांगावं लागलं. त्यांनी अर्धवट केलेल्या धड्यांचं पुढं काही झालं नाही. गंमत म्हणावी की काय, चॅनलवरून फुकट बघणारी पोरं ऑफिसच्या नंबरवर निरोप पाठवायची, "पुढचा भाग कधी येणार?" मी एकालाही उत्तर दिलं नाही. आता वाटतं, द्यायला हवं होतं. येणार नाही, आणि का येणार नाही, एवढं तरी लिहायचं.

अशात सरांचा आवाज बसला. आम्हाला वाटलं खडूची धूळ, बंद खोलीतला घाम. सोलापूरला दाखवलं, मग हैदराबादला. घशाचा कॅन्सर निघाला. डॉक्टरांनी जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल म्हणून सांगितलं. ऑपरेशन झालं. सर घरी आले ते गळ्याला भोक आणि हातात पाटी घेऊन. आयुष्यभर फळ्यावर लिहिणारा माणूस आता पाटीवर "चहा" लिहायचा, "पंखा लाव" लिहायचा. अक्षर तेच, वळणदार.

क्लास बंद झाला. कंपनीच्या जागेचं भाडं भरलं नाही, त्यामुळं तिथले धडे गेले. माझंही काम संपलं. कंप्युटर एका दुकानदाराला द्यायचा ठरला तेव्हा मी म्हटलं, "सर, आधी धडे दुसरीकडं उतरवून ठेवते." सरांनी पाटीवर लिहिलं, "नको." मी पुन्हा म्हटलं. त्यांनी पाटी पुसली नाही, तीच बोटानं दाखवली. मग स्वतः खुर्चीत बसले आणि सगळं पुसून टाकलं. मी शेजारी उभी होते. कोणती कळ दाबायची ते मीच सांगितलं, त्यांना ते येत नव्हतं.

वैनी तेव्हा बाजारात गेल्या होत्या. त्यांना यातलं काही कळलं नाही.

सर फार दिवस काढू शकले नाहीत. ते गेल्यावर काही महिन्यांनी एका दुपारी वैनी माझ्या घरी आल्या. कधी येत नसत. पाणी प्याल्या, इकडचं तिकडचं बोलल्या आणि मग म्हणाल्या, "अक्का, ह्यांचा आवाज हाय का तुमच्याकडं?"

"आवाज म्हणजे?" मी विचारलं.

"घरात सगळ्या लग्नाचे व्हिडिओ हायत. त्यात हे कोपऱ्यात उभारलेले. बोलत न्हाईत कुठंच. फोनवर बी मला म्हणायचे, येतो, ठेव. तुमच्याकडं एवढं शिकवायचे, त्यातलं एखादं द्या. मला त्यातलं काय कळायचं न्हाई, पर आवाज तर ऐकू येईल."

मी त्यांना सांगितलं की धडे राहिले नाहीत. कुणी पुसले ते सांगितलं नाही. "बघते," म्हणाले.

मग मी पुन्हा मोबाईल घेऊन बसले. सरांचं नाव टाकलं, धड्यांची नावं टाकली, पूर्वी शोधायचे तसंच सगळं. ज्या चॅनलांवर मी तक्रारी केल्या होत्या ती सगळी गेलेली. ते मोठं चॅनल उघडलं, तर त्यावर आता कुणी घड्याळं आणि बूट विकत होतं, जुनं सगळं काढून टाकलेलं. एका जागी नुसतं धड्याचं नाव होतं, दाबलं की काही नाही. मी माझं काम फार नेटकं केलं होतं. गावोगाव वाटले गेलेले, ज्यांच्यामुळं आमचा क्लास बुडाला असं मी सगळ्यांना सांगत होते, ते धडे मला एकही सापडेना. ओळखीच्या जुन्या पोरांना विचारलं. परीक्षा झाली की पोरं पहिल्यांदा हेच काढून टाकतात, मोबाईलमध्ये जागा होत नाही म्हणून.

शेवटी अंबिकाला फोन केला. नंबर माझ्याकडे होताच. ती कलबुर्गीला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. मेडिकल मिळालं नव्हतं. माझा आवाज ओळखला आणि म्हणाली, "काय अक्का, आता कामून? अजून काय बंद करायचं राहिलंय का?"

मी सर कॅन्सरनं गेल्याचं, आधी त्यांचा आवाज बसल्याचं सांगितलं. तिच्या मागं हॉस्पिटलात कुणाला तरी हाका मारणं ऐकू येत होतं.

"घशाचा?" तिनं विचारलं.

"हो."

"आवाज काढले हुते?"

"हो गं."

"वॉर्डात तसले पेशंट बगते मी," ती म्हणाली, आणि तिचा सूर बदलला. मग मी वैनींचं मागणं सांगितलं.

"एक हाय माझ्याकडं," ती म्हणाली. "मोबाईल बदलले तरी तेवढा ठेवलेय. धाडते." जरा थांबून म्हणाली, "फुकट धाडायलेय, अक्का. चालंल का?"

टोमणा होता. मी म्हटलं, "चालंल बाळ."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी नौबादला गेले. वैनींनी हात धुतले, पदर सारखा केला आणि माझ्याजवळ जमिनीवर बसल्या, जणू कुणी भेटायला येणार होतं. धडा मी आधी बघितला नव्हता. एकटीनं बघायचं धाडस झालं नव्हतं. मोबाईल भिंतीला टेकवून ठेवला.

एका मोबाईलसमोर दुसरा धरून काढलेला तो व्हिडिओ हलत होता, चित्र वाकडं, रंग उडालेला. मागं हॉस्टेलच्या मुलींची कुजबुज. कुणीतरी "गप गं" म्हणालं. मग सर दिसले. चॉकलेटी शर्ट, कपाळावर घाम. त्यांनी घसा साफ केला. वैनींनी माझा हात धरला.

सर बोलू लागले, पण केमिस्ट्री नव्हे. तेव्हा मला आठवलं. चॅनलचं कळल्यावर सरांनी एका धड्याच्या सुरुवातीला चोरून बघणाऱ्यांना चार शब्द सुनावले होते. मी म्हटलं होतं, सर, हे कापून टाकू का, फी भरलेल्या पोरांना कशाला ऐकवायचं? त्यांनी कापू दिलं नव्हतं. हाच तो धडा. त्यांच्या त्या भरड, मोठ्या आवाजात ते विचारत होते, "जो कोण हे चोरून बघायलाय, त्याला मी विचारतो. माझ्या घरात येऊन माझं ताट उचलून नेला असतास का? मी दिसत न्हाई म्हणून नेलास. मला तुझं तोंड दिसत न्हाई, पर तुला माझं दिसायलंय. बघ नीट. साठी उलटलेला माणूस हाय मी. ह्यावर माझं घर चालतंय."

मी बंद करायला हात पुढं केला. वैनींनी तो धरूनच ठेवला होता. त्या पडद्याकडे बघत होत्या. थोड्या वेळानं, नजर न काढता त्यांनी हळूच विचारलं, "हे आपल्यालाच म्हणायलेत का, अक्का?"

सर रागावून थांबले, पाणी प्याले, फळ्याकडे वळले आणि द्रावणांचा पुढचा भाग सांगू लागले. मिठाचं पाणी, साखरेचं पाणी. वैनी ते सगळं शेवटपर्यंत ऐकत राहिल्या. मध्येच धडा तुटला, तिथं सर अर्ध्या वाक्यात थांबले.

"पुढचं न्हाई?"

"नाही वैनी. एवढंच आहे."

त्यांनी डोळे पुसले. मी मोबाईल उचलू लागले, तर म्हणाल्या, "रागवायलेत तेच पुन्हा लावा. घरात असंच बोलायचे."